खुंट्या कोण हलवतंय

आमच्या चोंग-जार गावाच्या वरच्या आळीमागे जो डोंगर होता, त्यात खडक असा नव्हताच. सगळी पिवळी, मऊ माती. वसंतात बर्फ वितळलं की ती माती पाणी पिऊन फुगायची. त्या वर्षी मेंढ्या घेऊन वर गेलेल्यांना माथ्याजवळ एक आडवी भेग दिसली, मूठ आत जाईल एवढी. जिल्ह्याहून आपत्ती खात्याचा अधिकारी आला. त्यानं भेगेच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक अशी लाकडी खुंट्यांची जोडी ठोकली आणि उमसुनायच्या हातात पोलादी मोजपट्टी, नारिंगी जाकीट आणि भोंगा दिला.

"रोज सकाळी दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायचं आणि मला फोन करायचा," तो म्हणाला. "भेगेचं तोंड माती घालून बुजवा, पाणी आत जाऊ देऊ नका. अंतर हळूहळू वाढलं तर मला सांगा. एकदम वाढलं तर सांगत बसू नका, आधी माणसं बाहेर काढा."

उमसुनाय आमच्या गावाच्या आपत्ती गटाची प्रमुख होती. पन्नाशीची विधवा, दोन गायी, थोडी अक्रोडाची झाडं आणि खणखणीत आवाज. तिला निवडलं तेव्हा लोक हसले होते, हिला कशाला हवा भोंगा म्हणून. तिचं घर मात्र खालच्या आळीत, नदीकाठी होतं. डोंगर आला तरी तिच्या दारापर्यंत येणार नव्हता. तेव्हा कुणाच्या हे लक्षात आलं नाही. नंतर सगळ्यांच्या आलं.

कारण अधिकाऱ्यानं जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. वरची आळी धोक्याची ठरली, तर तिथल्या घरांना खाली सपाटीवर, हमरस्त्याला लागून नवे प्लॉट मिळतील. पण मग जुनी घरं सोडावी लागतील. झालं. त्या दिवसापासून गावात दोन तट पडले. ज्यांना जायचं होतं ते भेग बघायला वर जायचे, आणि ज्यांना जायचं नव्हतं ते वर कोण कोण जातंय हे बघत बसायचे.

जायचं आहे असं उघड बोलणारा एकच होता, बेकमिर्झा. वरच्या आळीतला तिशीतला गडी, बरीच वर्षं रशियात गाड्या चालवून आलेला. त्याच्याकडे जुनी डबा-गाडी होती, तीत तो लोकांना बाजारला न्यायचा. "हमरस्त्याला जागा मिळाली की मी टायरचं दुकान टाकतो," तो म्हणायचा. "इथे कोण येणार पंक्चर काढायला? मेंढ्या?"

पहिल्या काही दिवसांत अंतर रोज बोटभर वाढत गेलं. उमसुनाय माप घेऊन खाली यायची तेव्हा ताशपोलोतच्या दुकानाबाहेर माणसं थांबलेली असायची.

"काय म्हणतो डोंगर?" ताशपोलोतनं एकदा विचारलं. तो वरच्या आळीतला दुकानदार, जाडजूड, डोक्यावरची पांढरी टोपी कायम मागे सरकलेली.

"बोटभर."

"रोज बोटभर? डोंगर आहे की सरकारी नोकर, नेमानं कामावर येणारा?"

लोक हसले. ताशपोलोत मात्र हसला नाही. "लाकडाची खुंटी आहे, उमसुनाय. कोणीही उपटावी, कोणीही ठोकावी. प्लॉट कुणाला हवाय ते सगळ्यांना माहीत आहे. आणि तुझं काय जातंय? तुझं घर नदीकाठी."

"माझ्यावर संशय आहे?"

"मी नाव घेतलं का कुणाचं?"

उमसुनायला राग आला, पण बोलणं डोक्यात रुतून बसलं. तिनंही बेकमिर्झाला परवा डोंगरावरून उतरताना पाहिलं होतं. बरोबर मेंढ्या नव्हत्या, हातात गवताची काडीसुद्धा नव्हती.

त्याच दुपारी ती मामासालिकडे गेली. मामासालि म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो तिला अजून 'केलिन', म्हणजे घरची सूनच म्हणायचा. त्याचं घर वरच्या आळीत अगदी शेवटचं, डोंगराला पाठ लावून. बायको तुर्दूखान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. उमसुनाय आत आली तेव्हा तो दार बिजागरीतून काढून रंध्यानं तासत होता.

"काय झालं दाराला?"

"लागत नाहीये. ओलीनं फुगलंय."

आतून तुर्दूखानचा बोबडा आवाज आला. "दार नाही फुगलं. चौकट वाकडी झालीय. कालपासून सांगतेय, ऐकतंय कोण!"

"गप गं," मामासालि म्हणाला. त्यानं प्याल्यात चहा ओतला, भाकरी मोडून पुढे ठेवली. उमसुनायनं त्याला मनातलं सगळं सांगितलं. खुंट्या कुणीतरी ओढतंय असं वाटतंय. बहुतेक बेकमिर्झा.

मामासालिनं रंध्यातला भुसा झटकला. मग एवढंच बोलला, "धरण फुटेल अशी भीती घातली त्या वर्षी आपल्याला तंबूत नेलं होतं, आठवतं? धरण जागच्या जागी राहिलं. आई मात्र तंबूतल्या गारठ्यानं गेली. आता हिला या अवस्थेत मी तंबूत नेणार नाही, केलिन. कुणा पोराच्या टायरच्या दुकानासाठी तर नाहीच नाही."

शुक्रवारी नमाजनंतर मशिदीसमोर बेकमिर्झाला सगळ्यांनी घेरलं. ताशपोलोतनं सरळ विचारलं, "डोंगरावर काय करायला जातोस?"

"फोनला रेंज मिळते तिथे. मॉस्कोत भाऊ आहे माझा."

"भावाशी बोलायला खुंट्यांपर्यंत जावं लागतं?"

बेकमिर्झानं आजूबाजूला पाहिलं. उमसुनाय रस्त्याच्या पलीकडे उभी होती, काहीच बोलत नव्हती. ते त्याला जास्त लागलं. "एजे, तुम्हीसुद्धा?" त्यानं थोरल्या बहिणीला मारतात ती हाक देत ओरडून विचारलं. "भेगेत माती घातली तेव्हा फावडं कुणाच्या हातात होतं? माझ्या! प्लॉट मला हवाय, हो, हवाय. म्हणून काय डोंगर ओढू? माझ्या बापानं तरी कधी डोंगर ओढला होता का?"

कोणी हसलं नाही. तो गाडीत बसला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून अंतर वाढायचं थांबलं.

यापेक्षा आणखी कसला पुरावा हवा होता? गावानं निकाल देऊन टाकला. पोराला दम दिला आणि डोंगर शहाणा झाला. बेकमिर्झाच्या गाडीत बसणं लोकांनी सोडलं. बाया त्याच्या बायकोशी विहिरीवर बोलेनात. उमसुनाय रोज तेच माप फोनवर सांगायची आणि अधिकारी म्हणायचा, छान, स्थिर आहे.

पण तिचं मन स्थिर नव्हतं. बुजवलेली माती पुन्हा पुन्हा खाली बसत होती. आज भरावी तर दोन दिवसांनी तिथे परत खळगा. वरच्या आळीतल्या झऱ्याला पिवळं पाणी यायला लागलं होतं. एका संध्याकाळी बेकमिर्झा तिच्या कुंपणापाशी आला, आत मात्र आला नाही.

"मी हात लावला नाही, एजे. एवढंच सांगायला आलोय."

"मग वाढायचं थांबलं कसं?"

"ते मला काय माहीत? मोजता तुम्ही. पट्टी तुमची, फोन तुमचा." तो जायला वळला. "मलाही वाटू शकतं ना, आकडा तुम्हीच दाबताय म्हणून?"

हे बोलून तो गेला. उमसुनायला रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी तिनं मोडक्या नांगरणी यंत्राचे दोन लांब लोखंडी दाते घेतले, वर गेली आणि एक भेगेच्या वर, एक खाली असे जमिनीत पार आत ठोकले. वर गवताचा थर जसाच्या तसा बसवला. कुणालाही सांगितलं नाही. मनात हिशेब साधा होता. बेकमिर्झा लाकडी खुंट्या हलवेल, लोखंडाचं त्याला ठाऊक नसेल. मग दोन मापं समोर ठेवायची आणि त्याचं तोंड कायमचं बंद करायचं.

मग पाऊस लागला. सलग, बारीक, थंड पाऊस. उघडल्यावर ती रोजच्यापेक्षा लवकर, उजाडता उजाडताच वर गेली. पावसातही लाकडी खुंट्यांचं माप रोज तेच आलं होतं. समाधानानं तिनं आज आधी गवत उचललं आणि लोखंडी दात्यांवर पट्टी धरली.

पट्टी पुरेना असं तिला वाटलं. तिनं पुन्हा धरली. गुडघ्यावर बसून, झग्याची किनार चिखलात लोळवत पुन्हा पुन्हा मोजलं. दात्यांमधलं अंतर दोन हातांनी वाढलं होतं.

कालपर्यंत लाकूड म्हणत होतं, डोंगर उभा आहे. लोखंड म्हणत होतं, डोंगर निघाला. तेव्हा तिनं खालची खुंटी पहिल्यांदाच नीट पाहिली. खुंटीचा माथा ठोकून ठोकून फुलासारखा फुटला होता, आणि तिच्या खालच्या बाजूला, उतारावर, एकापाठोपाठ एक जुनी भोकं चिखलानं भरलेली होती. खुंटी लांब कुणी नेत नव्हतं. ती कुणीतरी जवळ आणत होतं.

खालून कुणीतरी येण्याची चाहूल लागली. ती रानगुलाबाच्या झुडपाआड झाली. धुक्यातून आधी गाय आली, मागून मामासालि. हातात लाकडी हातोडा आणि एक काठी. त्यानं काठी दोन खुंट्यांच्या मध्ये ठेवून पाहिली, मान हलवली, आणि खालची खुंटी डावी-उजवी करत उपटायला लागला.

"आके!" थोरल्या भावाला म्हणतात तशी तिनं हाक मारली.

तो दचकला नाही. वाकलेलाच राहिला. "बरं झालं आलीस, केलिन. बघ, रात्रीतून किती ओढलंय हरामखोरानं."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? त्या टायरवाल्यानं. मशिदीसमोर एवढी शोभा झाली तरी सवय जात नाही. शुक्रवारच्या मापाची काठी कापून ठेवलीय मी. रोज तुझ्या आधी येतो आणि खुंटी होती तिथे ठोकतो. मी खोटं काही केलं नाही. खरं होतं तिथे परत आणलं."

तिनं त्याचा हात धरून त्याला लोखंडी दात्यापाशी नेलं, गवत बाजूला केलं. "हे मी ठोकलं. तुम्हालाही माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. हे कुणी ओढलं, आके?"

मामासालि दात्याकडे वाकला. मग त्यानं बूट दात्यावर ठेवून हलवून पाहिला. दाता हलला नाही.

"रोज किती परत आणत होता तुम्ही?"

"कधी बोट." तो म्हणाला. "पावसात वीतभर."

"आणि आज?"

काठी खुंटीपासून कुठवर पोचत होती आणि उपटलेल्या खुंटीचं भोक कुठे होतं, हे दोघांनाही दिसत होतं. एका रात्रीत हातभरापेक्षा थोडंच कमी.

"कुणीच ओढत नव्हतं," उमसुनाय म्हणाली.

मामासालि मटकन खाली बसला. "मी डोंगराला रोज परत ढकलत होतो," तो पुटपुटला. "रोज सकाळी, हातोड्यानं..."

"बसू नका. उठा!" ती ओरडली, आणि उतारावरून घसरत, धावत खाली सुटली. भोंगा घरी राहिला होता. त्याची गरज पडली नाही.

वरची आळी उठली खरी, पण दारातच उभी राहिली. काल माप स्थिर होतं, आज पळा म्हणते? ताशपोलोत दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा. "कितीला ठरलं, उमसुनाय? प्लॉट कुणाकुणाचे? तुझ्या माणसांचे आधी, का बेकमिर्झाचा आधी?"

तेवढ्यात मामासालि उतरून आला. अंगभर चिखल. गावात मान असलेला माणूस, कधी आवाज चढवून न बोलणारा. तो रस्त्याच्या मधोमध थांबला. "खुंट्या मी हलवत होतो," तो म्हणाला. "मी. पोरावर संशय घेऊन. डोंगर इतके दिवस सरकतोय आणि मी तो लपवत होतो. घरं सोडा."

कुणी काही बोलायच्या आत तो बेकमिर्झाच्या दारापाशी गेला. बेकमिर्झा तिथे उभा राहून सगळं ऐकत होता.

"तुर्दूखानला उचलायला माणूस हवाय," मामासालि म्हणाला. एवढंच. माफी वगैरे काही नाही.

बेकमिर्झानं त्याच्याकडे एक क्षण असं पाहिलं की आम्हाला वाटलं, हा आता तोंडावर दार लावणार. मग तो गाडीची किल्ली आणायला आत गेला.

तुर्दूखानला त्यानं पाठीवर घेतलं. ती वाटभर बडबडत होती, "सांगत होते, चौकट वाकडी झालीय, सांगत होते!" म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गाद्या, पिठाची पोती, सगळं त्या डबा-गाडीतून खालच्या शाळेत गेलं. कालपर्यंत तिच्यात कुणी बसायला तयार नव्हतं, आता जागेसाठी भांडणं. दुपारपर्यंत वरची आळी रिकामी झाली.

आणि डोंगर पडला नाही.

त्या दिवशी नाही, रात्री नाही. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. शाळेच्या अंगणात गाद्या वाळत घातलेल्या, मुलांचं रडणं, आणि पुन्हा तीच कुजबुज. म्हाताऱ्यालाही वाटा कबूल केला असणार. नाहीतर असा माणूस सगळ्यांसमोर स्वतःवर आळ कशाला घेईल? अधिकारी निघाला होता, पण नदीवरचा पूल पाण्याखाली असल्यानं पलीकडे अडकला होता. लोक गुरांच्या चाऱ्याचं निमित्त काढून वर जायला निघाले तेव्हा बेकमिर्झानं गाडी रस्त्यावर आडवी लावली. मामासालि तिच्यापुढे हातोडा घेऊन बसला.

"माझ्या घरी जायला तुझी परवानगी?" ताशपोलोत म्हणाला.

"माझी नाही. याची," मामासालिनं डोंगराकडे बोट केलं. "त्याला विचार. मी विचारलं नाही, म्हणून इथे बसलोय."

ताशपोलोत थुंकला आणि मागे फिरला.

जेवणाची वेळ होत आली होती. आधी आवाज आलाच नाही. वरच्या आळीच्या कडेला पॉपलरच्या झाडांची रांग होती. शाळेच्या अंगणातल्या एका मुलीनं बोट दाखवलं आणि म्हणाली, झाडं चालतायत. खरंच चालत होती. उभीच्या उभी, रांग न मोडता, हळूहळू खाली येत होती. मग डोंगराचा माथा आत बसला, आणि मग तो आवाज आला, जो आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही. धूळ विरली तेव्हा वरची आळी नव्हती. मामासालिचं घर नव्हतं, दुकान नव्हतं. पिवळी ओली माती मशिदीच्या भिंतीपर्यंत येऊन थांबली होती.

माणसं मोजली. ताशपोलोत नव्हता. ओढ्याच्या बाजूनं, मागच्या पायवाटेनं तो घरी गेला होता. बायकोला सांगून गेला होता, चुलीवर चहा करून पितो आणि धूर काढून दाखवतो या सगळ्यांना, म्हणजे यांचं नाटक संपेल. तो सापडायला खूप दिवस लागले.

पुढे चौकशी झाली. अधिकाऱ्यानं उमसुनायला विचारलं, माप स्थिर कसं येत होतं? ती गप्प राहिली. आमच्यात सून नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव तोंडानं घेत नाही, पण ती त्यासाठी गप्प नव्हती हे सगळ्यांना कळत होतं. मामासालिच उठून उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. त्याला दंड झाला नाही. काय शिक्षा द्यायची हे बहुधा कुणाला सुचलं नाही.

शरद ऋतूत हमरस्त्याला नवी घरं उभी राहू लागली. बेकमिर्झाचं दुकान झालं. पण जीभ काही गाडली गेली नव्हती. कुणी म्हणायचं, म्हाताऱ्यानं खोदून डोंगर सैल केला. कुणी म्हणायचं, उमसुनायला सगळं आधीच माहीत होतं.

एक दिवस उमसुनाय ताजी भाकरी घेऊन ताशपोलोतच्या बायकोकडे गेली. तिनं दार उघडलं, भाकरी घेतली, आणि दारातच विचारलं, "खरं सांग. बेकमिर्झानं माझ्या नवऱ्याला जाताना पाहिलं होतं ना? गाडी आडवी लावून बसला होता. ओढ्याची वाट तिथून दिसते. मुद्दाम जाऊ दिलं त्यानं. मशिदीसमोरचा सूड."

उमसुनायनं रस्त्याकडे पाहिलं. ओढ्याची वाट तिथून दिसते, हे खरं होतं. रस्त्यापलीकडे बेकमिर्झा चाक फिरवत बसला होता. तो तिथे शांतपणे बसलाय तो कसा, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. गावात असे विचार आधी माणसं एकमेकांच्या कानात घालायची. ती मात्र रस्ता ओलांडून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ताशपोलोतला जाताना पाहिलं होतंस?"

बेकमिर्झाचे हात थांबले. "पाहिलं होतं," तो म्हणाला. "हाक मारली. मामासालि आकेंनीही मारली. त्यानं वर हात केला आणि गेला. मागे धावलो असतो तर रस्ता मोकळा झाला असता, बाकीचे सगळे वर गेले असते." त्यानं तेलकट हात फडक्याला पुसले. "रोज विचार करतो, एजे. मला विचारलं कुणीच नाही."

उमसुनाय तिथेच टायरवर बसली. मग म्हणाली, "चल माझ्याबरोबर. तिला तू सांग."

"ती दार उघडेल?"

"उघडलंय तिनं. उभी आहे बघ."

बेकमिर्झानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तिच्यामागून रस्ता ओलांडायला लागला.